पिकअपच्या पुढच्या चाकाचा आवाज: बेअरिंग डावे गेले की उजवे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या चोइथराम मंडीतून बटाटा, कांदा आणि लसूण भरून सिमरोल-बडवाहमार्गे सनावदकडे जाणारी आमची एक पिकअप आहे. मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढे डिस्क ब्रेक आणि पुढच्या प्रत्येक हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) आतले व बाहेरचे अशी टेपर बेअरिंगची (निमुळत्या रोलरच्या बेअरिंगची) जोडी, अशी तिची रचना आहे. पावसाळा संपल्यापासून पुढच्या बाजूने सलग घरघर ऐकू येते. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ती सुरू होते आणि वेग वाढेल तशी चढत जाते. गॅरेजवाल्यांनी केबिनमध्ये बसून एक फेरी मारली आणि आवाज डावीकडून येतो, तेव्हा डावे बेअरिंग बदलू, असे सांगितले. मला मात्र उजव्या चाकाचा संशय आहे. त्याची कारणे सविस्तर लिहितो.

राऊच्या पुढे मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहिली, तरी आवाज तसाच राहिला, म्हणून इंजिन आणि क्लच यांचा संबंध नसावा. टायर झिजल्यानेही अशीच घरघर होते, म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावले, पण आवाज पुढेच राहिला. भरलेल्या गाडीचा बहुतेक भार मागच्या धुरीवर येतो. असे असूनही भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या आवाजात काहीही फरक नाही, यावरून मागची बेअरिंगे मी तूर्त बाजूला ठेवली आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डावीकडच्या लांब वळणावर आवाज वाढतो आणि उजवीकडच्या वळणावर जवळजवळ बंद होतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येत असल्यामुळे दोष उजवीकडे असावा, असे मला वाटते.

अडचण अशी की, जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवले असता दोन्ही चाकांत किंचित ढिलेपणा जाणवतो, आणि कोणी ब्रेक दाबून धरला की तो दोन्हीकडे नाहीसा होतो. मग नेमके कोणते चाक खोलावे? शिवाय वाट्या (रोलर ज्यांत फिरतात ती बेअरिंगची बाहेरची कडी) शाबूत असतील तर केवळ रोलरचा भाग बदलला तरी चालेल, असे गॅरेजमध्ये सांगतात, ते योग्य आहे का? आणि बेअरिंग जागेवर धरणारा हबचा नट किती आवळावा? हीच गाडी माल भरून भेरूघाट उतरते आणि तीवर आमचा चालक असतो, त्यामुळे अंदाजाने काम करण्याची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद:

तुमचा वळणाचा तर्क बरोबर आहे आणि केबिनमधल्या कानापेक्षा त्यावर अधिक विश्वास ठेवावा, कारण पत्र्याच्या केबिनमध्ये आवाज घुमतो आणि त्याची बाजू हमखास चुकते. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा जातो, याचा अर्थ तो हबमध्ये आहे, बॉल जॉइंटमध्ये (चाक वळू देणाऱ्या सांध्यात) नाही. परंतु टेपर बेअरिंगमध्ये अत्यल्प ढिलेपणा मुद्दामच ठेवलेला असतो, त्यामुळे तेवढ्यावरून बेअरिंग खराब ठरत नाही. खरी परीक्षा खरखरीची आहे. कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) काढून तारेने बांधून ठेवा (ब्रेकच्या नळीवर त्याचा भार लोंबकळू देऊ नका), एकाने चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्याने त्यामागच्या नकलवर (हब ज्यावर बसतो त्या न फिरणाऱ्या भागावर) तळहात ठेवावा. पॅड घासण्याचा आवाज नसल्याने रोलरची खरखर हाताला स्वच्छ कळते. मात्र त्याआधी मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका.

वाटी न बदलता रोलर बदलू नका. जुन्या वाटीचा खराब झालेला पृष्ठभाग नव्या रोलरना खाऊन टाकतो आणि आवाज लवकरच परत येतो. आतले-बाहेरचे दोन्ही बेअरिंग वाट्यांसह आणि ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी), असा पूर्ण संच घ्यावा. जुनी वाटी पितळी पंचाने आळीपाळीने समोरासमोर ठोकून काढावी. नवी वाटी तळाशी बसली की हातोडीचा आवाज बदलून भरीव होतो. हबमधले जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढा, कारण दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळणे धोक्याचे आहे. नवे ग्रीस रोलरच्या रुंद बाजूकडून तळहाताने दाबत भरा, म्हणजे ते पिंजऱ्यातून पलीकडे बाहेर येते.

नटाबाबत घाई नको. हब सतत फिरवत ठेवून नट आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. मग तो पूर्ण सैल करून केवळ बोटांनी लागेल एवढाच फिरवा. स्प्लिट पिनचे (नट फिरू न देणाऱ्या दुपाखी पिनचे) भोक जुळत नसेल, तर नट पुढे न नेता मागे घ्या. पिन नवीच वापरा. अशा बेअरिंगमध्ये साधारणपणे ०.०२५ ते ०.१ मिलिमीटर ढिलेपणा राहतो, पण अंतिम आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरावा. नट जास्त आवळलेले बेअरिंग तापून निळसर पडते, आणि घाटात ते अडकण्याची भीती असते.

मूळ धागाकर्ता:

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले असता उजव्या नकलवर खरखर स्पष्ट जाणवली, डावीकडे काहीच नव्हती. उजवा हब खोलल्यावर ऑइल सीलची कड एका जागी फाटलेली निघाली. आतल्या बेअरिंगचे ग्रीस पाणी शिरून दुधाळ झाले होते आणि वाटीच्या चकचकीत पट्ट्यावर मुगाच्या डाळीएवढे पापुद्रे निघाले होते. बाहेरचे बेअरिंग दिसायला ठीक होते, तरीही आपल्या सल्ल्याप्रमाणे संपूर्ण संच बदलला. डाव्या हबमधली बेअरिंगे तपासून, धुऊन, ग्रीस भरून परत बसवली आणि त्याचे सील नवे घातले.

माल न भरता त्याच रस्त्यावर गाडी चालवून आणली. आवाज पूर्णपणे गेला आहे आणि थांबल्यावर दोन्ही हब सारखेच कोमट लागले. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर डस्ट कॅप काढून नट आणि ढिलेपणा पुन्हा तपासेन आणि जे आढळेल ते येथेच लिहीन.