‘आधी विश्वास, मग फीडबॅक’ हे पटत नाही

निळीशाई: परवाच्या पोस्टमध्ये लिहिलंय की रिमोट टीममध्ये, म्हणजे आपापल्या घरून काम करणाऱ्या टीममध्ये, आधी काही महिने ओळख वाढू द्या, मगच चुका दाखवा, नाहीतर नवीन माणूस बिथरतो. वाचून डोकंच फिरलं. विश्वास असा वाट बघत बसून येतो का? यारवेनपा आणि लाईडनर या संशोधकांनी १९९९ साली कधीच न भेटलेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या टीम्स बघितल्या, तिथे ज्यांचा विश्वास टिकला ते एकमेकांना वेळेवर आणि ठोस उत्तरं देत होते. माझ्या पहिल्या रिमोट नोकरीत रिव्ह्यूला टाकलेलं काम तसंच पडून राहायचं, मग एक दिवस नुसतं ‘ओके’. काय शिकणार त्यातून?

रातवा: म्हणजे फीडबॅक दिला की माणूस शिकतोच असं धरून चाललायस. क्लुगर आणि डीनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र तपासले, त्यात एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकने कामगिरी उलट घसरली होती. माझी चूक टीमच्या लीडने सगळ्या ग्रुपसमोर मांडली, एक ओळ, पुढे काही नाही. त्यानंतर मी प्रश्न विचारणंच बंद केलं, अडलं तरी एकटीच झगडायचे.

कोराकागद: खरा घोळ कॅमेऱ्याचा आहे. व्हिडिओ मीटिंगमध्ये सगळे काळे चौकोन. समोरचा ऐकतोय की झोपलाय कळत नाही, कसला विश्वास ठेवायचा? कॅमेरा सक्तीचा करा.

रातवा: सक्ती?? घरात एकच खोली आहे, मागे आजारी माणूस झोपलेलं असतं, ते दाखवू का सगळ्यांना? चेहरा दिसला म्हणजे मन लागलं हे कोणी सांगितलं तुम्हाला!

निळीशाई: कॅमेरा सोडा, आवाज पुरतो. २००५ चा क्रूगर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे, टोमणा की सरळ बोलणं हे ईमेलवरून ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटलं, प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के. नुसत्या आवाजावरून ७३. म्हणून चूक सांगायची तर फोन करा.

कोराकागद: आणि ज्याची रात्र चालू आहे त्याला उठवायचं का? आमची टीम तीन टाइमझोनमध्ये आहे. लिहूनच सांगावं लागतं, आणि लिहिलेलं सहा महिन्यांनी नव्याला वाचता तरी येतं, फोनवरचं हवेत जातं. तुम्ही दोघं एकाच वेळेच्या टीममध्ये बसून नियम करताय.

रातवा: बरं, हे मान्य. पण मग लिहिताना काय चुकलं, का चुकलं आणि पुढच्या वेळी काय करायचं हे तिन्ही लिहा, आणि पहिल्यांदा तरी खाजगीत. एका ओळीत माणसाचा निकाल लावू नका.

निळीशाई: खाजगीत लिहिलं की बाकीचे तीच चूक परत करतात, हे मला अजून पटत नाही. पण ‘का’ लिहायला हवं, एवढं तुझं खरं.

रातवा: बाकीच्यांना शिकवायचंय तर नाव काढून टाका ग्रुपवर. त्यात काय अवघड आहे?