मदत हवी आहे: बागेतलं बाथरूम उघडं ठेवायला अर्ज कुठे करायचा?

आमच्या घराजवळच्या बागेत (नाव टाकत नाही, उगाच वाद नको) बाथरूम आहे पण कायम कुलूप, चावी माळ्याकडे आणि माळी कुठे ते देवालाच ठाऊक. आईला शुगर आहे, तर ती फिरायला निघायच्या आधी पाणीच पीत नाही, अन् नागपूरच्या उन्हाळ्यात हे काहून करावं लागते बाप्पा! माणसं भिंत शोधतात, बायांनी काय करायचं?

बाग मनपाची की नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) हेही बोर्डवर नाही, मग पत्र कोणाला द्यायचं? 'आपले सरकार'वर तक्रार टाकून कोणाचं काम झालं आहे का? नाहीतर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून सफाईचं कंत्राट कोणाकडे आणि कुलूप कोणाच्या आदेशाने ते विचारीन म्हणते, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागते त्यांना. बाथरूमला रॅम्पही मागायचा आहे, तो मागताना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा लिहायचा ना?

आणखी एक, पेंचच्या सफारीत मध्येच जिप्सीतून उतरता येत नाही, तर गेटवरच्या टॉयलेटची काय स्थिती आहे? कोणी एवढ्यात जाऊन आलं असेल तर सांगा, आईला न्यायचं आहे. अर्जाचा नमुना असेल तर तोही टाका प्लीज.