विजापूरचा गोलघुमट: चौकोनावर गोल कसा बसवला, हे मुलांना कसं समजवावं?

कर्वेनगरकर:
आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पुण्याहून सोलापूरमार्गे विजापूरला न्यायचं आहे. गोलघुमटात उभं राहून "बघा, आत एकही खांब नाही" एवढं सांगून भागत नाही. कोपऱ्यांचं काय केलं आणि घुमटाचा रेटा कुठे जिरतो, हे निघण्याआधीच कागदावर करून घ्यायचं आहे. "दोन चौरस एकमेकांत गुंतवले" हे वाक्य सगळीकडे सापडतं, पण त्यावरून मुलं जी आकृती काढतात ती तिथल्या कमानींशी जुळत नाही. मापं धरून कोणी सांगेल का? आणि इब्राहिम रोजाला (विजापुरातलंच कबर आणि मशिदीचं संकुल) किती वेळ ठेवावा?

चुन्याची घाणी:
आकृती चुकते कारण मुलं एक चौरस भिंतींना समांतर काढतात आणि दुसरा त्यावर तिरका ठेवतात. इथे दोन्ही चौरस भिंतींशी तिरके आहेत, २२.५ अंशांनी, एक डावीकडे कललेला आणि एक उजवीकडे.

१:१०० प्रमाण घ्या. दालन आतून सुमारे ४१ मीटर, म्हणजे ४१ सेंमीचा चौरस. प्रत्येक भिंतीवर दोन्ही कोपऱ्यांपासून १२ सेंमीवर खूण करा, मध्ये १७ उरतात. आठ खुणा झाल्या. आता एक सोडून एक खुणा जोडा. (दोन सोडून जोडल्या तरी चांदणीच होते, पण ती इथली नव्हे.) प्रत्येकी साधारण ३१.५ सेंमी बाजूचे दोन चौरस मिळतील. या आठ रेषा म्हणजे आठ कमानी. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे मधोमध अष्टकोन उरतो, आणि त्यात ३१.५ सेंमी व्यासाचं वर्तुळ बसतं.

आता त्याच केंद्रातून ३८ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा. हा घुमटाचा आतला व्यास. दोन वर्तुळांमध्ये सगळीकडून सव्वातीन सेंमीची पट्टी राहते. प्रत्यक्षातली सज्जाची रुंदी सुमारे ३.४ मीटर आहे. म्हणजे ती प्रसिद्ध कुजबुजती गॅलरी (घुमटाच्या तळाशी आतून फिरणारा हाच सज्जा, जिथे भिंतीशी केलेली कुजबुज समोर ऐकू येते) मुद्दाम बाहेर काढलेला सज्जा नाही, कमानींच्या भूमितीतून आपोआप उरलेली जागा आहे. हे मुलांना स्वतःच्या पट्टीने सापडू द्या, आधी सांगू नका.

कर्वेनगरकर:
फार सुंदर. म्हणजे घुमट भिंतीवर बसलेला नाही?

भार आणि रेटा:
पूर्ण नाही. घुमट तळाशी सुमारे ३ मीटर जाड आहे, म्हणून बाहेरचा व्यास ४४ मीटर. वरच्याच आकृतीत ४४ सेंमीचं वर्तुळ काढलं की दिसेल: भिंतीच्या मध्यावर घुमटाची जाडी अर्धी भिंतीवर येते आणि अर्धी आत झुकलेल्या कमानींच्या पोटावर. कोपऱ्यांकडे तर सगळी जाडी कमानींवरच.

घुमट बाहेरच्या बाजूला रेटतो. कमानींच्या वरचा चिरेबंदी भाग आत झुकलेला, त्यामुळे त्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं. दोन्ही एकमेकांना बरंचसं तोडतात, आणि उरलेलं ३ मीटर जाडीच्या भिंती घेतात. खांब नसण्याचं उत्तर इथे आहे. घुमट विटांचा, आडव्या थरांत, मध्ये भरपूर चुना. काळा दगड खालच्या भिंतींना.

कोपऱ्यांतले सात मजली अष्टकोनी मनोरे पाहून मुलं हमखास म्हणतात की घुमट यांनी पेलला आहे. जिने तिकडेच असले तरी मनोरे घुमट पेलत नाहीत, तो आकृतीत त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तेवढं तिथे दाखवून द्या.

आणि गोलघुमट ही कबरीची इमारत, पण आत चौथऱ्यावर दिसतात त्या कबरींच्या नुसत्या प्रतिकृती. मुहम्मद आदिलशहाची (मृत्यू १६५६) खरी कबर खालच्या तळघरात आहे.

चुन्याची घाणी:
इब्राहिम रोजाला अर्धा दिवस द्या, त्याखाली नको. कबर आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर, मध्ये हौद. संकुल म्हणून रचनेचा अभ्यास तिथेच होतो. गोलघुमटात आकार आहे, इथे कारागिरी आहे. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरं, उजेड त्या अक्षरांमधल्या फटींतून आत येतो. पण खरी गंमत छतात. दालन सुमारे १२ मीटरचं चौरस. चारही भिंतींतून दगडी गोलाई सव्वादोन-अडीच मीटर आत येते आणि मधला सात-सव्वासात मीटरचा भाग सपाट. कमान नाही, तुळई नाही; दगडी फरशा कडेला कड लावून चुन्यात बसवलेल्या. वर घुमट आहे, पण तो वेगळा. छत आणि घुमट यांच्यात रिकामी खोली आहे, त्यामुळे घुमटाचं ओझं या छतावर नाही. घुमटच नको, आधी छताचा छेद (उभा काप दाखवणारी आकृती) काढायला लावा.

भार आणि रेटा:
एक व्यवहाराची गोष्ट. गोलघुमटाच्या गॅलरीत सकाळी दार उघडल्या उघडल्या चढा. सज्जा जमिनीपासून सुमारे ३३ मीटरवर आहे, जिने अरुंद, पाणी पिऊन निघा. भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं आणि समोरच्याने ३८ मीटरवर भिंतीला कान लावायचा. आवाज गोल भिंतीला धरून फिरत जातो. गर्दी वाढली की लोक ओरडायला लागतात, प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि कुजबुज मुळीच ऐकू येत नाही. मोजमाप, रेखाटन खाली उतरल्यावर करा.