'सेपरेट प्रोसीजर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: पुण्यात नवीन पोरांना अमेरिकेच्या विमा क्लेम्सचं ईएनटी (कान-नाक-घसा) कोडिंग शिकवतोय, म्हणजे प्रत्येक उपचाराला बिलासाठी ठरलेला नंबर लावणं. सीपीटीत, म्हणजे तिथल्या उपचारांच्या कोडच्या यादीत, ३१२३१ म्हणजे दुर्बिणीने नाकाची नुसती तपासणी, त्याच्या वर्णनात शेवटी कंसात 'सेपरेट प्रोसीजर' लिहिलेलं असतं. मी 'स्वतंत्र प्रोसीजर' सांगितलं तर पोरं म्हणतात मग सर, सायनसच्या ऑपरेशनसोबत तीही वेगळी लावू की! अर्थ नेमका उलटा आहे राव. शब्द सुचवा.

– 'स्वतंत्र' नकोच. ती एकटी केली तरच पैसे मागायचे, त्याच जागी मोठं काम झालं की ती त्याच्या पोटात गेली. ३१२५५ मध्ये एथमॉइड सायनस पूर्ण साफ करतात, आता दुर्बीण आत घातल्याशिवाय ते होणार कसं? आम्ही टीममध्ये सरळ 'एकटी असेल तरच' म्हणतो.

– 'सुटी प्रोसीजर' चालेल का? छोटा शब्द आहे.

– नको हो ताई, सुटं करणं म्हणजेच तर अनबंडलिंग, एका कोडचं काम तोडून वेगवेगळं बिल लावणं! बारा वर्षांखालच्या मुलाचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड एकाच वेळी काढले तर ४२८२० हा एकच कोड, तिथे ४२८२५ आणि ४२८३० असे दोन सुटे लावले की डिनायल आलाच समजा, क्लेम नाकारला. आणि मग कोणीतरी शहाणा त्यावर मॉडिफायर ५९ ('हे काम वेगळं आहे' सांगणारी कोडमागची खूण) चिकटवतो, जणू काही तो डिंकच आहे. ५९ लावायचा तर वेगळी जागा, वेगळी वेळ असं काहीतरी ऑपरेशन नोटमध्ये दिसायला हवं ना. २०१५ पासून एक्सई वगैरे मॉडिफायर आलेत ते त्यासाठीच, एक्सई म्हणजे वेगळी भेट.

– 'अंतर्भूत' कसं? सरकारी वाटतं, पण चूक नाही.

– ते मोठ्या कोडच्या बाजूने झालं, इथे छोट्याला नाव हवंय. बाकी सीपीटीतले शब्द धरून बसलात तर फसाल. ६९२१०, कानातला घट्ट मळ अवजाराने काढणे, वर्णनात 'युनिलॅटरल' म्हणजे एका कानाचा. तरी मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) दोन्ही कानांचे मिळून एकदाच पैसे देतं, मॉडिफायर ५० (दोन्ही बाजूंची खूण) लावून उपयोग नाही.

– प्रश्नकर्ता: 'एकटी असेल तरच' घेतो, शब्द नाही वाक्यच आहे, पण पोरांना लगेच कळेल. 'पोटात गेली' पण भारी आहे, ते बंडलिंगला वापरतो.