मदत हवी आहे: रेझिन कीकॅपचा स्टेम नीट बसत नाहीये

मंडळी, इथे कोणी मेकॅनिकल कीबोर्डसाठी रेझिनच्या कीकॅप (कीवरच्या टोप्या) घरी बनवतं का? मी एपॉक्सी वापरतो, प्लॅटिनम क्युअर सिलिकॉनचा दोन भागांचा साचा, वरची बाजू एकदम झकास येतेय पण घोडं अडलंय खालच्या स्टेमपाशी, म्हणजे कॅप स्विचवर जिथे बसते त्या दांड्यापाशी. चेरी एमएक्स स्विचचा (कीखालच्या बटणाचा) तो अधिकच्या खुणेसारखा क्रॉस जेमतेम ४ मिमीचा, त्यात केसभर जरी फरक पडला तरी कॅप एकतर बसतच नाही नाहीतर काढताना स्विचच उपटून येतो. साच्यासाठी मास्टरचा (ज्यावरून साचा काढतो त्या मूळ नमुन्याचा) स्टेम मुद्दाम थोडा वेगळा ठेवता का तुम्ही, की नंतर कानस मारता?

दुसरं म्हणजे बुडबुडे. प्रेशर पॉट (हवेच्या दाबाखाली रेझिन घट्ट करायचं बंद भांडं) घ्यायचाय, पण साचा साध्या हवेत ओतलेला असेल तर प्रेशरखाली कॅपवर पुळ्या येतात म्हणे, म्हणजे जुने साचे बादच समजायचे का? पावसाळ्यात दमट हवेने एपॉक्सी चिकट राहतं ते वेगळंच.

आणि विकणाऱ्यांनी प्लीज सांगा, एका कॅपची किंमत कशी लावता? मटेरियल फार नाही लागत हो, पण घासून पॉलिश करण्यात अख्खी संध्याकाळ जाते. लोकांना कार्टूनची कॅरेक्टर हवी असतात, कॉपीराइटमुळे मी नाहीच म्हणतो, तुम्ही काय करता?