लिव्हरपूलची पडझड: दुःखामुळे की डावपेचांमुळे? (फुटबॉल चाहत्यांचा वाद; प्रत्येक मतावर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

कट्टर लाल
3 जुलै 2025 रोजी लिव्हरपूलचा आघाडीपटू डिओगो जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेले. लिव्हरपूल तेव्हा नुकताच प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा, विजेता झाला होता. नव्या मोसमात लीगचे पहिले पाचही सामने जिंकले. मग 27 सप्टेंबर ते 26 नोव्हेंबर या काळात सगळ्या स्पर्धा धरून 12 सामन्यांत 9 पराभव. त्यातले शेवटचे तीन (मँचेस्टर सिटी, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि पीएसव्ही या संघांविरुद्ध) तीन-तीन गोलांच्या फरकाने.

लोक फक्त प्रशिक्षक स्लॉटची मांडणी, नव्या खेळाडूंची खरेदी आणि आघाडीपटू सलाहचं वय यावर बोलतात. मला हे अजिबात पटत नाही. रोज सोबत सराव करणारा मित्र गेला आणि दहा दिवसांत ही मुलं प्रेस्टनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळायला उतरली. बोर्नमथला हरवल्यावर सलाह मैदानातच रडत होता. 20 व्या मिनिटाला (जोटाचा जर्सी क्रमांक 20) प्रेक्षक जोटाचं गाणं म्हणतात, तेव्हाही यांना चेंडूवर नजर ठेवून खेळत राहावं लागतं. दुःखात झोप उडते, लक्ष विखुरतं. या पातळीवर अर्धा सेकंद उशीर झाला तरी गोल बसतो.

बचावफळी
दुःखाबद्दल वाद नाही. पण गोल कसे बसले ते बघा ना. क्रिस्टल पॅलेसकडून एन्केटियाचा शेवटच्या क्षणीचा गोल लांब थ्रोवरून, म्हणजे बाजूच्या रेषेवरून हाताने लांब फेकलेल्या चेंडूवरून. ब्रेंटफर्डचा पाचव्याच मिनिटाचा गोल, तोही लांब थ्रोवरून. फॉरेस्टचा पहिला गोल कॉर्नरवरून. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला तीच वाट सापडत होती आणि ती बंद करणं हे प्रशिक्षकाचं काम.

शिवाय त्या पाच विजयांतच भेगा दिसत होत्या. बोर्नमथविरुद्ध 2-0 ची आघाडी त्यांच्या सेमेन्योने एकट्याने पुसून टाकली. न्यूकॅसल आणि बर्नलीला हरवायला भरपाई वेळ लागला. उजवा बचावपटू ट्रेंट क्लब सोडून गेला, म्हणजे सलाहला उजवीकडून मिळणारे लांब पास गेले. आघाडीपटू दियाझही क्लब सोडून गेला, म्हणजे पुढून दबाव टाकणारे पाय गेले. नव्याने आलेल्या विर्ट्झला चेंडू मैदानाच्या मध्यभागी लागतो, आणि चेंडू गमावला की मागे मोकळं मैदान.

कट्टर लाल
तुम्ही दियाझ मोजलात, ट्रेंट मोजलात. जोटा? जानेवारी 2025 मध्ये फॉरेस्टविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि 22 सेकंदांत, पहिल्याच स्पर्शाला हेडरने बरोबरी साधली. एप्रिलमध्ये एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. सामना अडला की पाठवायचा तो माणूस होता. तुम्ही दुःख आणि डावपेच वेगळे काढताय, पण इथे दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे.

मैदानाबाहेरून
इतिहास मात्र दोन्ही बाजूंनी बोलतो. 15 एप्रिल 1989 ला लिव्हरपूलच्या सामन्यात हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, त्यात 97 चाहते गेले. त्याच लिव्हरपूल संघाने 20 मे रोजी एव्हर्टनला 3-2 हरवून एफए कप जिंकला. सहा दिवसांनी घरच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर, दोन गोलांनी हरलं तरच लीग जाणार असताना, अगदी शेवटच्या मिनिटाला आर्सेनलचा दुसरा गोल बसला आणि लीग गेली. मार्च 2018 मध्ये इटलीच्या फिओरेंटिना संघाचा कर्णधार दाविदे अस्तोरी वारला. संघाने लगेच बेनेव्हेंतोला हरवलं आणि पुढे रोमाला त्यांच्याच मैदानात. दुःखाने संघ खचतोच असा नियम कुठे आहे?

डावा विंगर
नियम नाहीच. पण फिओरेंटिनाकडे प्रशिक्षक तोच, सोबती तेच, प्रत्येकाचं काम ठरलेलं. मन ठिकाणावर नसताना सवय खेळून नेते. लिव्हरपूलने त्याच उन्हाळ्यात सवयच मोडली.

लिव्हरपूलचा बचावपटू आणि स्कॉटलंडचा कर्णधार रॉबर्टसनचं उदाहरण घ्या. 18 नोव्हेंबरला स्कॉटलंडने डेन्मार्कला 4-2 हरवून विश्वचषक गाठला. दिवसभर जोटा मनात होता, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. दुःख तेच घेऊन तो जुन्या सोबत्यांत, ओळखीच्या जागेवर खेळला. चारच दिवसांनी लिव्हरपूल फॉरेस्टकडून घरच्या मैदानात 0-3 हरला. मला यात बरंच काही दिसतं.

बचावफळी
हे मान्य केलं तर क्लबची जबाबदारी वाढतेच. संघ शोकात आहे हे जुलैत माहीत होतं, तरी बदल थांबले नाहीत. 1 सप्टेंबरला नवा आघाडीपटू इसाक आला, तोही मोसमपूर्व सरावाशिवाय. आणि थ्रोवर कोणी कोणाला धरायचं, हे शोकातल्या संघालाही शिकवता येतं.

कट्टर लाल
बदल फार झाले, हे मलाही मान्य. पण मँचेस्टर युनायटेडच्या मॅग्वायरला 84 व्या मिनिटाला विजयी गोल करायला मोकळं सोडलं, ते कोणी शिकवलं नव्हतं म्हणून, असं मी मानणार नाही.