नव्या धावकाने पहिले पुस्तक कोणते वाचावे?

गोदाकाठ :
नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या आमच्या गटाने हिवाळ्यातील मॅरेथॉनच्या निमित्ताने नव्या सदस्यांसाठी वाचनाची यादी करायला घेतली आणि पहिल्याच नावावर मतभेद झाला. बहुतेकांचा कौल अमेरिकी पत्रकार क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या 'बॉर्न टू रन' (२००९) या पुस्तकाला आहे. माझे मत मात्र जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांच्या 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग'ला आहे, आणि त्याचे कारण असे की हा लेखक कोणालाही धावण्याचा आग्रह करत नाही.

१९८३ साली भर उन्हाळ्यात तो अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत धावला. त्या वर्णनात पराक्रमाचा लवलेश नाही. अंगावर वाळलेले मीठ आहे, रस्त्यात गाड्यांखाली मेलेल्या कुत्र्यामांजरांची मोजदाद आहे, आणि वाटभर जिचे स्वप्न पाहिले ती थंडगार बिअर हाती आल्यावर स्वप्नातल्याइतकी चांगली लागली नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले आहे. पुढे १९९६ मध्ये होक्काइदोतील सारोमा सरोवराकाठची १०० किलोमीटरची शर्यत त्याने ११ तास ४२ मिनिटांत पूर्ण केली, आणि त्यानंतर त्याचा धावण्यातला रसच ओसरला. हे ओसरणे लिहून ठेवणारी पुस्तके थोडी. नवा धावक पहिल्या दिवशी नव्हे, तिसऱ्या महिन्यात गळतो आणि त्या वेळी उपयोगी पडते ते हे पुस्तक.

पांडवलेणी :
आपल्या म्हणण्यात गल्लत आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत टिकायचे तर आधी पहिला दिवस उजाडावा लागतो. निफाडकडची थंडी नाशकात उतरली असताना कंटाळ्याचे वर्णन वाचून कोणीही पहाटे साडेपाचला पांघरूण फेकणार नाही. मॅकडूगल यांचे पुस्तक सुरू होते ते दुखणाऱ्या पायापासून. धावणे सोडा, असा डॉक्टरांचा सल्ला मिळालेला हा माणूस मेक्सिकोतील कॉपर कॅन्यनमध्ये राहणाऱ्या, लांब पल्ला धावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रारामुरी या आदिवासी लोकांपर्यंत जाऊन पोहोचतो. २००६ मध्ये तेथे झालेल्या सुमारे ८० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेचा नामांकित अल्ट्राधावक (मॅरेथॉनहून लांब शर्यती धावणारा) स्कॉट जुरेक याला अर्नुल्फो या स्थानिक धावकाने हरवले. तो प्रसंग वाचून ज्याचे पाय शिवशिवले नाहीत, त्याने खुशाल दुसरा खेळ निवडावा. धावणे ही शिक्षा नसून माणसाच्या शरीराची जुनी सवय आहे, एवढे ठसवणारे पुस्तक पहिले असायला हवे. मुराकामी नंतर वाचता येतो.

टाच आणि पोटरी :
मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे पाय शिवशिवल्यानंतर काय होते ते मला पाहावे लागते. जाड तळाच्या बुटांनीच दुखापती होतात असे 'बॉर्न टू रन' सांगते. ते वाचून भारावलेली मंडळी बूट टाकून थेट डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर धावतात आणि महिनाभरात पोटरी किंवा टाचेमागचा स्नायुबंध धरून माझ्याकडे येतात. अनवाणी धावताना टाचेऐवजी पायाच्या पुढच्या भागावर उतरले की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे खरे. परंतु तो भार नाहीसा होत नाही, पोटरीवर आणि त्या स्नायुबंधावर जातो, आणि त्यांना तो पेलायला शिकण्यासाठी कित्येक महिने लागतात. शिवाय रारामुरी लोक अनवाणी नव्हे, तर टायरच्या रबराचा तळ असलेल्या वहाणा घालून धावतात, आणि लहानपणापासून धावतात, हा तपशील उत्साहाच्या भरात निसटतो. पुस्तकानंतर पातळ तळाच्या बुटांची लाट आली. त्यांतील एका प्रसिद्ध कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला, अर्थात दोष मान्य न करता.

पांडवलेणी :
वाचकाने अर्धे पान वाचून बूट फेकले, तर दोष पुस्तकाचा कसा? पाककृतीचे पुस्तक वाचून कोणी हात भाजून घेतला म्हणून आपण ते पुस्तक कपाटात कुलूपबंद करत नाही. आणि धावण्याच्या मार्गदर्शक पुस्तकांनी तरी काय साधले? अमेरिकी लेखक जिम फिक्स यांचे १९७७ सालचे धावण्यावरील पुस्तक प्रचंड खपले, आणि १९८४ मध्ये ते स्वतःच धावताना हृदयविकाराने गेले.

टाच आणि पोटरी :
हे उदाहरण नेहमी अर्धवट सांगितले जाते. फिक्स यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षीच हृदयविकाराने गेले होते, आणि स्वतः फिक्स धावू लागण्यापूर्वी भरपूर सिगारेट ओढत व त्यांचे वजनही फार होते. ते बावन्न वर्षे जगले. त्यातून घ्यायचा बोध एवढाच, की घरात असा इतिहास असेल तर पुस्तकाआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

तपोवन :
आतापर्यंतच्या चर्चेत एकही स्त्री आली नाही, याची नोंद कोणी घेतली आहे का? अमेरिकी धावपटू कॅथरीन स्वित्झर यांचे 'मॅरेथॉन वुमन' यादीत नसेल तर ती यादी निम्म्या गटाची आहे. १९६७ साली, फक्त पुरुषांची समजल्या जाणाऱ्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २६१ क्रमांक लावून धावणाऱ्या या बाईंच्या अंगावरून तो क्रमांक ओढून काढण्यासाठी एक अधिकारी भर रस्त्यात धावून आला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला त्यानंतर १९८४ उजाडावे लागले. तिसऱ्या महिन्यातला कंटाळा ही आमची अडचणच नाही. अंधाऱ्या रस्त्यावर एकटीने निघताना घरचे काय म्हणतील, ही आहे. आमच्या मुलींना धीर आला तो सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांच्यामुळे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी मुलगी आपल्याच जिल्ह्यातली आहे, हे ऐकल्यावर घरच्यांचा विरोध जितका मावळतो, तितका कोणत्याही जपानी लेखकामुळे मावळणार नाही.

गोदाकाठ :
तपोवन, स्वित्झर यांचे पुस्तक यादीत घेऊ. त्यावर वाद नाही. मात्र धीर देणारे पुस्तक आणि टिकवणारे पुस्तक ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मी दुसऱ्या कामाबद्दल बोलत होतो. 'बॉर्न टू रन'ही राहू द्या. फक्त आपल्या फिजिओथेरपिस्टनी लिहिलेले पानभर टिपण त्यात घालून द्यावे. पहिले नाव मुराकामीचेच असावे, हे माझे मत कायम आहे.

पांडवलेणी :
मग रविवारी धावून झाल्यावर मतदान घ्या. अट एकच : दोन्ही पुस्तके शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्यांनीच हात वर करावा. माझ्या अंदाजाने फार हात वर होणार नाहीत.